‘अर्धसत्य’ : रामा शेट्टी लक्षात राहतो, रेडिओचोर विसरतो

“पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?”

रिमांडला आणलेल्या आरोपीला मॅजिस्ट्रेटसाहेब हा प्रश्न विचारतात. आरोपी एकदा साहेबांकडे बघतो, एकदा शेजारी उभ्या असलेल्या शिपायाकडे, आणि मान हलवतो. मग कागदावर ओळ येते : ‘पोलिसांविरुद्ध तक्रार नाही.’ मी कोर्टात कारकून आहे. सत्तावीस वर्षं झाली. ही ओळ किती वेळा टाइप केली असेल त्याचा हिशेब नाही. बहुतेक वेळा ती खरीच असते. कधीकधी तो माणूस बाकावर टेकताना एका कुशीवर टेकतो, तळवे जमिनीला नीट लावत नाही, आणि तरी ओळ तीच असते.

मागच्या रविवारी गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ मी पाचव्यांदा पाहिला, तो ही ओळ डोक्यात घेऊनच. सोबत अण्णा होते, माझे वडील. वय चौऱ्याऐंशी. पोलीस खात्यात शिपाई म्हणून लागले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. तेव्हा हे परीक्षण एका हवालदाराच्या मुलीनं आणि एका कोर्ट कारकुनानं लिहिलंय असं समजून वाचा. दोन्ही बाजूंनी मला हा चित्रपट लागतो.

चित्रपट १९८३ चा. भाषा हिंदी, पण हाडामासानं मराठी. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, ‘सूर्य’ नावाची. पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे, मधली कविता दिलीप चित्र्यांची. नायक सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर, त्याची मैत्रीण ज्योत्स्ना गोखले कॉलेजात साहित्य शिकवते, शहर मुंबई. ओम पुरींना वेलणकरसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि नगरकडचे नाटकवाले सदाशिव अमरापूरकर रामा शेट्टी म्हणून देशभर माहीत झाले. अख्ख्या चित्रपटात गाणं एकही नाही. छायाचित्रणही निहलानींचंच आहे, त्यामुळे कॅमेरा नेमका कुठे थांबायचा हे ठरवणारा माणूस एकच होता, आणि ते जाणवतं.

गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती बहुतेकांना माहीत असते. वेलणकरला खरं तर पुढं शिकायचं होतं. बापानं, जो स्वतः पोलिसात शिपाई होता, त्याला जबरदस्तीनं खात्यात घातलं. पोरगा प्रामाणिक आहे, अंगात रग आहे. एका मरणासन्न माणसाच्या जबाबावरून तो रामा शेट्टी या बड्या गुंडाला अटक करायला जातो आणि शेट्टी एक फोन लावतो. वेलणकर हात हलवत परत येतो. वस्तीत त्रास देणाऱ्या गुंडांना तो आत टाकून बडवतो, तर आमदार त्याच्या निलंबनामागे लागतो. मग वरिष्ठ समजूत घालतात, दिल्लीपर्यंत हात असलेला एक मध्यस्थ गाठून प्रकरण मिटवतात. म्हणजे प्रामाणिक माणूस वाचतो तो वशिल्यानं. जीव धोक्यात घालून दरोडेखोर पकडतो, तर श्रेय दुसऱ्याच्या नावावर. वेलणकर प्यायला लागतो. आणि एका रात्री, दारूच्या आणि रागाच्या भरात, रेडिओ चोरल्याच्या संशयावरून आणलेल्या एका भुरट्या चोराला तो लॉकअपमध्ये मारतो. चोर मरतो. इथून पुढे वेलणकरला वाचवू शकेल असा एकच माणूस उरतो, रामा शेट्टी. वेलणकर त्याच्याकडे जातो, शेट्टी किंमत सांगतो, वेलणकर त्याचा गळा दाबतो आणि ठाण्यात जाऊन हजर होतो.

हा शेवट आठवताना लोक काय म्हणतात ते मी ऐकलंय. ‘काय मारलाय शेट्टीला!’

पहिल्यांदा मी तो आमच्या पोलीस लाईनीत पाहिला, दूरदर्शनवर. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध असेल. आमचं जिल्ह्याचं गाव, लाईनीत एका ओळीत बारा खोल्या, मध्ये नळ, टोकाला संडास. टीव्ही तीन घरांत. आमच्या शेजारच्या जमादारांच्या खोलीत त्या रात्री तीसेक माणसं होती, बायका दारात, पोरं पुढे जमिनीवर. शेट्टीचा गळा दाबला तेव्हा टाळ्या पडल्या, कुणीतरी शिट्टी मारली. मीही टाळ्या वाजवल्या. सोळा-सतरा वर्षांची होते.

अण्णा मात्र खोलीत नव्हते. त्याआधीच, लॉकअपचा प्रसंग सुरू झाला तेव्हा, ते ‘पाणी भरायचं राहिलं’ म्हणून उठून गेले होते. नळाला रात्री पाणी येत नसे. हे मला त्या वेळी लक्षातही आलं नाही.

लक्षात राहिला तो लोबो. नसीरुद्दीन शहांचा माइक लोबो दोन-तीनदाच पडद्यावर येतो. एके काळचा पोलीस अधिकारी, आता निलंबित, दारूत बुडालेला, रस्त्यावर ओळखीचा भेटला की पैसे मागणारा. तो आला तेव्हा जमादारांच्या खोलीत एकदम शांतता झाली. कारण आमच्या लाईनीत एक लोबो होता, आणि तो त्या क्षणी बाहेर पिंपळाच्या पारावर बसलेला होता.

त्यांना मी काका म्हणायचे. बंदोबस्ताला पिऊन आले म्हणून निलंबित झाले होते. खोली अजून सुटली नव्हती, काकू लोकांच्या घरी पापड-कुरडया करून द्यायच्या. माझं अक्षर चांगलं म्हणून काका मला बोलवायचे आणि फुलस्केप कागदावर अर्ज लिहून घ्यायचे. ‘महोदय, मी सदर ठाण्यात सतरा वर्षे इमानेइतबारे सेवा केली असून…’ मजकूर त्यांना तोंडपाठ होता. समासाची जागा किती सोडायची तेही सांगायचे. दर एक-दोन महिन्यांनी तोच अर्ज, फक्त तारीख नवी. अर्ज लिहिताना ते आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसायचे, आणि हाताची थरथर दिसू नये म्हणून दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून ठेवायचे. सही करताना मात्र हात बाहेर काढावा लागे. सही होईपर्यंत मी दुसरीकडे बघायचे. ते कुणी शिकवलं नव्हतं.

ते प्यायले म्हणून निलंबित झाले हे सगळ्या लाईनीला ठाऊक होतं. ते का प्यायला लागले हे कुणी विचारलेलं मला आठवत नाही, आणि मीही विचारलं नाही.

‘अर्धसत्य’ ते विचारतो. व्यसनावरचे म्हणून जे चित्रपट दाखवले जातात त्यात बहुधा संगत वाईट असते, मन कमकुवत असतं, मग घर उद्ध्वस्त होतं आणि शेवटी पश्चात्ताप. इथे तसं नाही. इथे दारू अपमानाच्या पाठोपाठ येते. वेलणकर ज्या ज्या दिवशी योग्य वागला त्या त्या दिवशी त्याला खाली मान घालावी लागली. तो राग शेट्टीवर काढता येत नाही, आमदारावर नाही, साहेबावर तर नाहीच. बाटली ही पहिली जागा आहे जिथे तो राग मुकाट्यानं ठेवता येतो.

मराठी माणसाला हे नवं नको वाटायला. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त, १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकात, सुधाकर पहिला पेला उचलतो तो कधी? कोर्टात अपमान होऊन वकिलीची सनद गेल्यावर. हुशार, मानी माणूस, वरचा माणूस त्याला भर कोर्टात खाली बसवतो, आणि तळीराम शेजारी तयारच असतो. आपण त्या नाटकातून सिंधूचे अश्रू लक्षात ठेवले आणि सनदेची गोष्ट विसरलो. तेंडुलकर विसरले नाहीत, असं मला हा चित्रपट बघताना दर वेळी वाटतं. हिंसाचाराचा अभ्यास करायला नेहरू फेलोशिप घेऊन फिरलेला हा माणूस. त्याला ठाऊक होतं की मारणारा हात मारण्याआधी बराच काळ कुठेतरी दाबून ठेवलेला असतो.

आणि काळही बघा. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला, तो संपला असं कुणी जाहीर न करता लाखो माणसं उघड्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांचं आंदोलन झालं, त्यांच्या संघटनेची मान्यता गेली, शहरात लष्कर बोलवावं लागलं, अनेक शिपाई बडतर्फ झाले. पुढच्याच वर्षी हा चित्रपट आला. त्यात संपाबद्दल भाषण नाही, पण खाकीतल्या माणसाला तक्रार मांडायला कुठेच जागा नाही, ही गोष्ट चौकटी-चौकटीत भरलेली आहे. अण्णा त्या वर्षाबद्दल इतकंच सांगतात की रेडिओवर मुंबईच्या बातम्या लागल्या की साहेब येऊन बटण बंद करायचे.

दारूबंदी आपल्याकडे कागदावर १९४९ च्या कायद्यापासून आहे. आजही प्यायला परवाना लागतो, म्हणून तर ‘परमिट रूम’ हा शब्द पाटीवर आला. काकांच्या वेळी आमच्या गावात परमिट रूम दोन होत्या आणि गुत्ते मोजता येत नव्हते. व्यसनातून बाहेर काढणारी जागा एकही नव्हती. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं ते १९८६ साली, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी उभे राहिले म्हणून. लोबो त्याच्या तीन वर्षं आधीचा आहे. चित्रपटात त्याला कुणी ‘चल, तुला कुठेतरी नेतो’ म्हणत नाही, कारण न्यायला जागाच नव्हती. वेलणकर त्याला पैसे देतो. आमच्या लाईनीतले लोकही काकांना तेच द्यायचे, दोन रुपये, पाच रुपये, आणि त्यात दया होती, खोटं कशाला बोलू.

आता अमरापूरकर. रामा शेट्टीबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी एकच गोष्ट सांगते. तो घाईत नसतो. वेलणकर उभा, घामेजलेला, दात आवळलेला, आणि समोर हा माणूस बसून, आवाज न चढवता, घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसा बोलतो. कोर्टात मी असे लोक पाहिलेत. जामिनाच्या दिवशी ज्यांचे नातेवाईक व्हरांड्यात रडत असतात ते वेगळे, आणि जे वकिलाच्या खांद्यावर हात ठेवून ‘चहा घेतलात का’ विचारतात ते वेगळे. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला ठाऊक असतं की आजचा दिवस कसा जाणार आहे. अमरापूरकरांच्या बसण्यात ते आहे. आणि शेवटाकडे हा शेट्टी महानगरपालिकेच्या निवडणुकीला उभा असतो, हे तेंडुलकरांनी १९८३ साली लिहिलं.

पण मला थांबायचंय ते लॉकअपपाशी.

सोळाव्या वर्षी मी तो प्रसंग पाहिला नव्हता. म्हणजे डोळ्यांसमोर होता, पण मी वेलणकरला बघत होते. बिचारा किती पिचलाय, आता काय होणार त्याचं. मार खाणारा माणूस कोण आहे याकडे लक्षच नव्हतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही तसंच. कोर्टात लागून आठ-दहा वर्षं झाल्यावर जेव्हा पुन्हा पाहिला, तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. हाडकुळा माणूस. त्याला कळतच नाहीये की चाललंय काय. चोरीसाठी दोन थपडा बसतील इतकं त्यानं धरलेलं असणार. पण समोरचा साहेब रेडिओसाठी मारतच नाहीये. साहेब त्याला मारतोय आमदारासाठी, शेट्टीसाठी, हिसकावलेल्या श्रेयासाठी, लहानपणी आईला मारणाऱ्या बापासाठी. इतक्या माणसांचा हिशेब एका भुरट्या चोराच्या पाठीवर. ओम पुरी तो प्रसंग असा करतात की आवाज फुटतो, चेहरा सुजल्यासारखा होतो, आणि मारणारा माणूसही रडण्याच्या बेतात आलेला दिसतो. म्हणूनच तो घातक आहे. आपण पुन्हा वेलणकरच्याच दुःखात शिरतो आणि खाली पडलेला माणूस पुन्हा विसरतो.

हा चोर दुसऱ्या दिवशी जगला असता तर? चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभा केला गेला असता, राज्यघटनेचं कलम २२ तेच सांगतं. साहेबांनी विचारलं असतं, तक्रार आहे का? त्यानं शिपायाकडे बघून मान हलवली असती. आणि माझ्यासारख्या कुणीतरी टाइप केलं असतं, ‘पोलिसांविरुद्ध तक्रार नाही.’ त्या चोराकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, त्या रात्रीपासून ही ओळ टाइप करताना माझी बोटं एक क्षण थांबतात. साहेबांना ते कधी कळलं नसेल. मी एवढंच करते की आरोपी नीट उभा आहे का ते बघते, आणि शंका आली तर साहेबांच्या कानावर हळूच घालते. दोनदा त्यांनी त्यावरून वैद्यकीय तपासणीचा आदेश दिला आहे. सत्तावीस वर्षांत दोनदा, हे मला कमी वाटतं.

कायदा तेव्हापासून पुष्कळ पुढे आला. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली अटकेचे नियम घालून दिले : अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव हवं, अटक पंचनामा हवा, नातेवाइकाला कळवायला हवं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हवी. डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसकट, सीसीटीव्ही लावायचा आदेश झाला. आणि १ जुलै २०२४ पासून आमच्या तोंडी बसलेलं चोरीचं जुनं कलम, दंड संहितेचं ‘तीनशे एकोणऐंशी’, जाऊन भारतीय न्याय संहितेचं ३०३ आलं. त्यात एक तरतूद वाचली तेव्हा मला हा चोरच आठवला. पहिलाच गुन्हा असेल, वस्तूची किंमत पाच हजारांच्या आत असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. एका रेडिओला आज एवढीच शिक्षा. कुठलं मैदान झाडून, कुठल्या दवाखान्याच्या भिंती रंगवून तो घरी गेला असता.

विचार करायला लावणारा चित्रपट म्हणजे काय, असं माझी भाची विचारत होती. तिला गुन्हेगारी मालिका आवडतात, एका बैठकीत आठ-आठ भाग बघते. त्यात तपास चोख असतो, गुन्हेगार हुशार असतो, शेवटी कुठलीतरी गाठ सुटते. मी तिला म्हटलं, बघ जरूर, मीही बघते. पण ‘अर्धसत्य’ संपल्यावर तुझ्याकडे गाठ दिलेली असते, सुटलेली नव्हे. टाळ्या वाजवलेले हात पुढं काय करायचं ते कळत नाही. शेट्टी मेला. मग? दुसरा शेट्टी येईल. वेलणकर हजर झाला, त्याला शिक्षा होईल. चोर तर केव्हाच गेला. ज्या व्यवस्थेनं हे तिघे घडवले ती सकाळी दहा वाजता हजेरी घेऊन सुरू होईल.

चित्र्यांच्या कवितेचा प्रसंग सगळ्यांना आवडतो, मलाही आवडतो, पण माझं त्याच्याशी भांडण आहे. ज्योत्स्नाच्या पुस्तकातली कविता वेलणकर वाचायला घेतो. सुरुवातीला सहज, हसत, आणि ओळीगणिक चेहरा बदलत जातो, जणू कुणी त्याचीच केस डायरी वाचून दाखवतंय. ओम पुरींनी काय वाचलीय ती! पण तिथे तराजूच्या एका पारड्यात पौरुष आहे आणि दुसऱ्यात नपुंसकता, काट्यावर अर्धसत्य. अख्खा चित्रपट या तराजूवर चालतो. शेट्टीला न मारणं म्हणजे नामर्दपणा, मारणं म्हणजे मर्दानगी. माझा प्रश्न असा की या तराजूत वेलणकरच्या आईला कुठे ठेवायचं? नवऱ्याचा मार खात तिनं संसार केला, तिच्या धैर्याचं वजन कुठल्या पारड्यात? पानवलकर, तेंडुलकर, चित्रे, निहलानी, सगळे मोठे, पण सगळे पुरुष. आमच्या लाईनीत काकूंनी पापड लाटून चार माणसं जगवली. त्या तराजूवर त्या मावत नाहीत.

ज्योत्स्नाचंही थोडं तसंच झालंय. स्मिता पाटील असल्यामुळे ती पडद्यावर पुरी वाटते, लिहिलेली मात्र अर्धीच आहे. ती प्रश्न विचारते, काळजी करते, घाबरते, दूर सरकते. तिचं स्वतःचं कॉलेज, तिथले प्रश्न, तिचा दिवस आपल्याला फारसा दिसत नाही. स्मिताबाईंच्या डोळ्यांत जे आहे ते कागदावर नसणार असं वाटत राहतं. बापाच्या मारहाणीची आठवण जिथे जिथे येते तिथेही मला थोडं जास्त समजावल्यासारखं वाटतं. अमरीश पुरींचा तो करडा शिपाई बाप नुसता समोर बसला तरी पुरे होतं. शफी इनामदारांचा हैदर अली मात्र अगदी खरा. आपल्या माणसाला वाचवायचं, पण व्यवस्थेच्या आत राहून, असा मधला अधिकारी. असे साहेब अण्णांना दोन भेटले, त्यांची नावं ते अजून हात जोडून घेतात.

कुणी बघावा? सोळाच्या पुढच्या मुलांबरोबर आई-वडिलांनी बसून बघावा. मारहाण आहे, शिव्या आहेत, पण त्याहून जड आहे ते न बोललेलं. रात्री जेवण झाल्यावर लावू नका, झोप येत नाही. दुपारी लावा, संपल्यावर बोलायला उजेड राहू द्या. घरात पिणारा माणूस असेल तर त्याला शिकवण म्हणून दाखवू नका, तो उठून जाईल. त्याच्या शेजारी बसून बघा. आणि दुसऱ्यांदा बघाल तेव्हा लॉकअपमध्ये नजर वेलणकरवरून काढून खाली ठेवा. तेवढं एक माझ्यासाठी करा.

रविवारी अण्णांनी स्वतःहून लावायला सांगितला. आई गेल्यापासून ते माझ्याकडे असतात, कान गेलेत, पण चष्मा लावून टीव्ही बघतात. मला वाटलं होतं लॉकअपच्या प्रसंगाला ते उठतील. उठायला काठी लागते, म्हणून मी काठी जवळ ठेवली होती. ते उठले नाहीत. पूर्ण पाहिला. शेट्टीचा गळा दाबला तेव्हा काहीच बोलले नाहीत. नावं वर सरकायला लागली आणि त्यांनी विचारलं, “त्या रेडिओचं काय झालं गं पुढं?”

मी म्हटलं, दाखवलं नाही.

“मुद्देमालात पडला असंल,” ते म्हणाले. “मूळ मालकाला परत द्यायचा असतो. कोण द्यायला जातंय.”

आमच्या कोर्टाच्या मुद्देमाल खोलीत अजून तसे दोन रेडिओ आहेत, केस नंबरची चिठ्ठी सुतळीनं बांधलेले. एकाची शाई पार उडालीय. मी अण्णांना ते सांगितलं. ते बराच वेळ पडद्याकडे बघत बसले, तिथं आता काहीच नव्हतं.

“आमच्याकडं एक सायकलवाला होता,” ते म्हणाले.

मी टीव्हीचं बटण बंद केलं आणि खुर्ची त्यांच्या चांगल्या कानाकडे ओढली.